तांबडा कोपरा

तिसरा मैलाचा दगड मागे पडला आणि सासूबाई पहिल्यांदा थांबल्या. दमल्या म्हणून नव्हे, बुटात खडा शिरला म्हणून. एका हाताने छातीशी धरलेली लाकडी पेटी त्यांनी काही सोडली नाही. दुसऱ्या हाताने बूट काढला, दगडावर आपटला, आत डोकावून पाहिलं आणि खड्याला दोन शब्द सुनावून पुन्हा पायात घातला.

"द्या ती पेटी, मी धरते थोडा वेळ," सून म्हणाली.

"नको. तुझा श्वास मोठा आहे."

"आई, पेटीला झाकण आहे. कडी आहे. वरून दोरी बांधलीय तुम्ही."

"असू दे. वर्खाला वाईट सवयी लागायला वेळ लागत नाही."

पेटीत सोन्याच्या वर्खाच्या सहा वह्या होत्या. वही म्हणजे तळहाताएवढ्या पातळ कागदांची चोपडी, आणि दर दोन कागदांमध्ये सोन्याचं एकेक पान. इतकं तलम, की बोटाने उचलायला जावं तर बोटालाच माखून बसतं, आणि जवळ कोणी सुस्कारा टाकला तर उडून छताला लागतं. हे सोनं आरशांच्या चौकटींना, पुस्तकांच्या कडांना, दुकानांच्या पाट्यांना चढवायचं, हा सासूबाईंच्या घरचा धंदा. वय बासष्ट, अंगकाठी काटक, आणि चाल अशी की बरोबरच्याने पळत सुटावं. सून शाळेत शिकवणारी, दिवसभर उभं राहायची सवय असलेली, तरी तिला धाप लागली होती. हे लिहिणारी ती सूनच. पण गोष्ट सासूबाईंची आहे, तिच्यात 'मी मी' कशाला, म्हणून तिने स्वतःला नुसतं सून म्हणायचं ठरवलंय.

जायचं होतं मोठ्या घरी. त्या भागात 'मोठं घर' एवढं म्हटलं की पत्ता विचारावा लागत नसे. टेकाडावरचं, सत्तर खोल्यांचं, जिथल्या तबेल्याच्या खिडक्यांनाही काचा होत्या असं ते घर. सासूबाई त्या घरची, आबासाहेबांची धाकटी लेक. बेचाळीस वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडल्या, त्या आज पहिल्यांदा तिकडे निघाल्या होत्या. आणि तेही पाहुणी म्हणून नव्हे, कामाला म्हणून.

झालं होतं असं. आठ दिवसांपूर्वी मोठ्या घरच्या कारभाऱ्यांचं पत्र आलं. 'गाण्याच्या दालनातील छताच्या एका कोपऱ्याचे काम अपुरे आहे. वर्खवाल्याने येऊन ते पुरे करून द्यावे.' पत्र सुनेनेच वाचून दाखवलं. 'अपुरे' हा शब्द आला तसे सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. उभ्या आयुष्यात त्यांचं एकच काम अर्धं राहिलं होतं, ते हे. बाकी शहरातल्या कुठल्याही पाटीपुढे उभं राहून ते छाती पुढे काढून सांगू शकत होते, की हे माझं. पण कोणी छताचा विषय काढला की गप्प व्हायचे. आता दोन वर्षं त्यांचे हात कापत होते. चमचा तोंडापर्यंत पोचेतो निम्मा सांडायचा. कंबर अशी धरलेली की गाडीचे हिसके सोसणं शक्य नाही.

"तुम्ही जा," ते सासूबाईंना म्हणाले. "पण असं करा, की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं ते कोणालाही दिसता कामा नये. एवढं झालं की मी सुटलो. मग मला कसलीच टोचणी नाही."

नवरा बायकोला 'तुम्ही' म्हणतो, याची गल्लीला पहिल्यापासून गंमत. बाया विचारायच्या, "काय हो, घरात सरकार तुम्ही की ते?" सासूबाई म्हणायच्या, "सरकार मी. राज्य त्यांचं."

कारभाऱ्यांनी न्यायला गाडी पाठवतो म्हणून कळवलं होतं. सासूबाईंनी नको म्हणून सांगितलं. कामाला जाणारी माणसं पायी जातात, असं त्या घरी म्हणाल्या होत्या. खरं कारण आता, बुटाची नाडी बांधता बांधता बाहेर पडलं.

"गाडी कुठे थांबते माहितीय? पुढच्या पायऱ्यांशी. पायी गेलं की मागच्या दाराला वळता येतं. पुढच्या दाराने मी यायचं नाही असं आबासाहेबांनी सांगून ठेवलंय."

"आबासाहेबांना जाऊन वीस वर्षं झाली, आई."

"मग? दार तर तेच आहे ना?"

दोघी पुन्हा चालू लागल्या. रस्त्याच्या कडेने उंच झाडं होती, पलीकडे पवनचक्की सावकाश फिरत होती, आणि ऊन असं कोवळं की पाठीवर शाल टाकल्यासारखं वाटावं. सुनेने तेवढ्यात धीर करून विचारलं, जे लग्न होऊन आल्यापासून विचारायचं होतं.

"आई, कधी वाटलं नाही तुम्हाला, की चुकलं?"

"वाटलं की. पहिल्याच थंडीत. न्हाणीघरात जाऊन उभी राहिले आणि गरम पाण्याची वाट बघत बसले. तास गेला. मग कळलं, ते आपोआप येत नाही."

आणि हसत हसत त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं.

तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. आबासाहेबांनी गाण्याच्या दालनाचं छत नव्याने सोन्याने मढवायला काढलं होतं. त्या कामावर आला हा सव्वीस वर्षांचा वर्खवाला. छताशी लाकडी परांची बांधलेली, तिच्यावर उताणा पडून तो दिवसभर काम करायचा. खिडक्या बंद, दारं बंद, कारण वाऱ्याची एक झुळूक आली तरी सोनं गेलं. धाकट्या बाईसाहेब एक दिवस वाजवायच्या पेटीवर विसरलेला कागद न्यायला सरळ आत शिरल्या. दार तसंच उघडं. त्यांचीही काही चूक नव्हती म्हणा. त्या घरात माणसं दारं उघडायची सुद्धा नाहीत. कोणीतरी उघडायचं, कोणीतरी लावायचं. आपल्यामागे दार लावायचं असतं, हे वीस वर्षांत त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

वारा आला. वर्ख कापायच्या चामड्याच्या उशीवर काढून ठेवलेली सोन्याची चार-पाच पानं उडाली, आणि दालनभर सोनेरी कचरा भिरभिरायला लागला. परांचीवरून, मान न वळवता, आवाज आला:

"दार लाव आधी! घरात दारं नाहीत का तुझ्या?"

"घरात दारं होती, एकशे चाळीस," सासूबाई सांगत होत्या. "पण मला असं आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. मी गेले आणि दार लावलं. कडी कशी सरकवायची तेही कळेना. मग मी म्हटलं, लावलं. तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं. माझे कपडे पाहिले, आणि पाचावर धारण बसली त्यांची. 'माफ करा, मला वाटलं कामवाली पोर आहे,' असं म्हणत परांचीवरून पडता पडता वाचले. ते एकदाच. त्यानंतर आजतागायत मला कधी 'तू' म्हणाले नाहीत. मी किती सांगितलं! पालथ्या घड्यावर पाणी."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, दार नीट लावतात की नाही हे दाखवायला. तिसऱ्या दिवशी नुसत्याच. मग परांचीच्या शिडीवर चढल्या. मग कुंचला हातात घेतला. वर्ख उचलायचा कुंचला रुंद आणि पातळ असतो, आणि तो आधी गालावरून फिरवावा लागतो. कातडीचा जो जरासा तेलकटपणा लागतो, तेवढ्यावर सोन्याचं पान कुंचल्याला धरून राहतं. जास्त झालं तर सुटत नाही, कमी झालं तर उचलत नाही. त्याने आपल्या गालावरून फिरवून दाखवलं, मग त्यांनी आपल्या गालावरून फिरवला. तोच कुंचला.

"बस्स, एवढंच," सासूबाई म्हणाल्या. "तू शाळेत शिकवतेस, तुला वाटेल पत्रं असतील, कविता असतील. काही नाही. तीन महिने एक कुंचला."

आणि त्या कुंचल्यानेच घात केला. एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते, पाहुणे होते, शंभर मेणबत्त्या लागलेल्या. आबासाहेबांचं लक्ष लेकीकडे गेलं. तिच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या खाली, सोन्याचा एवढासा ठिपका चमकत होता. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, काहीतरी लागलंय. पण आबासाहेबांनी तीन महिने काम करणाऱ्या त्या माणसाच्या गालावर, नेमका तिथेच, तसाच ठिपका रोज पाहिला होता. ते एवढंच म्हणाले, "गाल पूस." आणि धाकट्या बाईसाहेब म्हणाल्या, "नको."

सकाळी वर्खवाल्याला सामान उचलायला सांगितलं. छत पुरं झालं होतं, एक कोपरा सोडून. सोन्याखाली आधी तांबड्या रंगाचा हात द्यावा लागतो, म्हणजे सोनं ऊबदार दिसतं. तो हात देऊन झाला होता, वर सोनं चढायचं होतं. तो कोपरा तसाच राहिला, तांबडा. अकराव्या दिवशी, भर दुपारी, धाकट्या बाईसाहेब अंगावरच्या कपड्यांनिशी पुढच्या दारातून बाहेर पडल्या. आबासाहेब दारात उभे होते. म्हणाले, "आत्ता गेलीस तर ह्या दाराने पुन्हा यायचं नाही."

"मी म्हटलं, बरं. आणि चालायला लागले. ह्याच रस्त्याने. फक्त तेव्हा बूट नाजूक होते."

पुढचं सुनेला माहीत होतं. दोन खोल्यांचं घर, पुढची खोली कारखाना. पहिले दोन महिने सासूबाई दर वेळी दार उघडं टाकून आत यायच्या आणि सोनं उडायचं. शेवटी सासऱ्यांनी दाराला दोरी आणि दोरीला वीट बांधली, म्हणजे दार आपलं आपण लागेल. चूल पेटवायला शेजारच्या सुतारीणबाईंनी शिकवलं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी त्यांना विचारलं होतं, "विझवायची कशी?" कारण पेटलेली चूल विझते, हेही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण काम शिकल्या ते असं, की दहा वर्षांत पुस्तकांच्या कडांचं काम नवऱ्याने त्यांच्यावर सोडलं, आणि हात कापायला लागल्यावर सगळंच. सासरे दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "श्वास!" म्हणजे श्वास धरा. "चाळीस वर्षं ह्या माणसाने मला धड श्वास घेऊ दिला नाही," असं सासूबाई ज्याला त्याला सांगायच्या, आणि सांगताना चेहरा असा, की ऐकणारीला आपल्या नवऱ्याबद्दल वाईट वाटावं.

सहावा दगड आला. टेकाडावर मोठं घर दिसायला लागलं. सासूबाईंनी एकदाच वर पाहिलं, मग मान खाली घालून मागच्या वाटेला वळल्या.

स्वयंपाकघराच्या अंगणात कारभारी आले. तरुण होते, नवे होते, त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी दोघींच्या मागे पाहिलं.

"वर्खवाले कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर."

"तुम्ही? पण वर परांचीवर चढायचंय, बाई."

"मग चढू की. वर्खाने आजवर तक्रार केलेली नाही. तुमची असेल तर लिहून द्या."

कारभारी मुकाट पुढे झाले. लांब, अंधाऱ्या, मेणाचा वास येणाऱ्या वाटेने त्यांनी दोघींना गाण्याच्या दालनात आणून सोडलं. सुनेच्या तोंडात बोट गेलं. छतभर वेली होत्या, पानं होती, फळं होती, आणि सगळी सोन्याची. बेचाळीस वर्षांत ते सोनं मुरून मधासारखं झालं होतं. आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात, दीड हात लांब, दीड हात रुंद, एक तांबडा तुकडा. चांगल्या अंगरख्याला भलत्याच कापडाचं ठिगळ लावावं तसा.

सासूबाई शिडी चढून वर गेल्या. तांबड्या तुकड्याशी तोंड नेऊन थांबल्या.

"काय झालं, आई?"

"अंगठा आहे त्यांचा इथे. तांबड्या रंगात उमटलाय. घाईत हात टेकला असणार त्या दिवशी."

"मग आता?"

"मग काय? वर सोनं चढवायचं. आत राहील. खिडक्या लाव सगळ्या. आणि दार."

सुनेने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि खिडक्या लावल्या. सासूबाईंनी आधी तेलाचा चिकट हात दिला आणि वाट पाहत बसल्या. बोटाचं पेर टेकवून पाहायच्या. 'टक्' असा बारीक आवाज येऊन बोट सुटलं, की वेळ झाली. मग पहिली वही उघडली, कुंचला गालावरून फिरवला, श्वास धरला. एक पान बसलं. दुसरं बसलं. तिसरं कुंचल्यावर होतं, तेवढ्यात दालनाचं दार उघडलं. आणि उघडंच राहिलं. तिसरं पान गेलं ते झुंबराला जाऊन चिकटलं.

सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"ह्या घरचंच कोणीतरी आलंय," त्या म्हणाल्या. "नोकरमाणसाने दार लावलं असतं."

खाली एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. हातात काठी, अंगात भारी पण कोपराला विरलेला कोट. त्यांनी मागे जाऊन दार लावलं. कडी सरकवायला त्यांनाही दोन वेळा करावं लागलं. मग सुनेजवळ येऊन हळूच विचारलं, "तुम्ही ह्यांच्या कोण?"

सासूबाईंनी सुनेला बजावून ठेवलं होतं, की मी कोण हे तिथे कोणाला सांगायचं नाही. खोटंही बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, "मी त्यांची सून."

"मग मी तुमचा मामेसासरा," म्हातारे म्हणाले. म्हणजे हेच आताचे सरकार, सासूबाईंचे थोरले भाऊ.

वरून आवाज आला, "दादा, बोलू नकोस. चौथं पान उचललंय."

सरकारांनी तोंड मिटलं. पान बसलं. तेव्हा कुठे सासूबाईंनी परांचीवरून मान खाली घातली, आणि बेचाळीस वर्षांनी भावाबहिणीने एकमेकांना पाहिलं, एकाची मान वर, एकीची खाली.

"जाडा झालास," बहीण म्हणाली.

"तू वाळलीस," भाऊ म्हणाला.

सुनेला वाटलं, आता रडारड होणार. पण ते घराणं निराळं. सरकार खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुला बोलावणार नाही, असं वचन घेतलं होतं आबांनी माझ्याकडून. वर्खवाल्याला बोलावणार नाही, असं काही मी म्हटलं नव्हतं."

"म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं! पत्र कारभाऱ्याच्या नावाने."

"आणि तू मागच्या दाराने आलीस ते काय मग?"

"आबा म्हणाले, ह्या दाराने नको. मी त्या दाराने आले."

दोघेही एकाच वेळी हसले. सासूबाईंच्या हातातलं पाचवं पान उडालं ते उडालंच. सुनेचा जीव भांड्यात पडला. ही एकाच हट्टी बापाची दोन हट्टी लेकरं होती, आणि दोघांनी बेचाळीस वर्षं बापाचा शब्द पाळण्यात घालवली होती, अगदी अक्षरशः.

त्यानंतर चार तास सरकार खुर्चीवरून हलले नाहीत. सासूबाई वरून "श्वास!" म्हणाल्या की ते आणि सून दोघेही श्वास धरायचे. अधूनमधून, पानं बदलताना, बोलणं व्हायचं.

"इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणाकडून का नाही करून घेतलं हे?" सासूबाईंनी विचारलं.

"आबांनी कोणाला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळी इथे येऊन बसायचे. त्या कोपऱ्याकडे पाठ करून."

"वाटलंच."

"शेवटच्या वर्षी खुर्ची फिरवली. कोपऱ्याकडे तोंड करून बसायला लागले."

कुंचला गालाशी थांबला. "काही म्हणाले?"

"तुला ठाऊक आहेत आबा. खुर्ची फिरवली हेच खूप झालं."

सासूबाईंनी तोंड छताकडे वळवलं. पुढची तीन पानं त्यांनी लावली. गालावरून फिरवलेला कुंचला दर वेळी शालीला पुसून कोरडा करावा लागत होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटचं पान बसलं. कापसाने हलकेच दाबून, सुटं सोनं झटकून त्यांनी पाहिलं. तांबड्याचा मागमूस नव्हता. पण नवं सोनं ते नवं सोनं. त्या मुरलेल्या, शांत छतात तो दीड हात झगझगत होता. शाळेत पहिल्या दिवशी नवा गणवेश घालून आलेल्या पोरीसारखा उठून दिसत होता.

ह्याला उपाय असतो. पातळ सरसात तपकिरी रंगाचा थेंब मिसळून तो हात वरून द्यायचा, म्हणजे नवं सोनं जुन्यासारखं दिसतं. सासऱ्यांनी त्याची बाटली स्वतः बसून, तीन वेळा रंग जमवून, कापऱ्या हातांनी भरून दिली होती. सासूबाईंनी ती काढली, बूच उघडलं.

"ते काय आहे?" सरकारांनी विचारलं. सासूबाईंनी सांगितलं.

"म्हणजे मग दिसणार नाही? कुठे केलंय ते?"

"कोणालाच नाही. तेच तर काम."

सरकार काठी टेकत उठले. "नको देऊस तो हात. राहू दे असंच. येणारा-जाणारा मान वर करील आणि विचारील, तो कोपरा वेगळा का. मग मला सांगता येईल, तो माझ्या बहिणीने केलाय. न बोलावण्याचं वचन होतं, न सांगण्याचं नव्हतं." मग जरा थांबून म्हणाले, "चाळीस वर्षं ह्या घरात तुझं नाव काढायला निमित्त मिळालं नाही मला. एवढं दे."

सासूबाई परांचीवर मांडी घालून बसल्या. एका हातात बाटली, एका हातात बूच. सून खालून बघत होती. चाळीस वर्षांत नवऱ्याच्या शब्दाबाहेर जाऊन त्यांनी एक ओरखडाही काढला नव्हता. तिकडे घरी दाराशी खुर्ची टाकून तो माणूस बसला असेल, केव्हा सुटतो म्हणून. इकडे हा भाऊ मान वर करून उभा. दोघांनाही एकच कोपरा हवा होता. एकाला तो दिसायला नको होता, एकाला दिसायला हवा होता.

मग त्यांनी बूच लावलं आणि बाटली पेटीत ठेवली.

निघताना त्या मागच्या वाटेला वळल्या, तसे सरकार आडवे आले. "आबा म्हणाले होते, ह्या दाराने यायचं नाही. जायचं नाही असं कुठे म्हणाले?" सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "खरंच की." आणि पुढच्या दारातून, पायऱ्या उतरून, फाटकापर्यंत भावाचा हात धरून चालत गेल्या. गाडी याही वेळी नको म्हणाल्या. मला रस्ता हवाय, असं म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर त्यांचा चेहरा तृप्त होता. मधूनच स्वतःशी हसायच्या. "जाडा झालाय गं," म्हणायच्या. गावच्या अलीकडच्या ओढ्यावर आल्या तेव्हा त्यांनी पेटी उघडली, बाटली काढली आणि निम्मी पाण्यात ओतली. उरलेली निम्मी उजेडात धरून पाहिली, आणखी बोटभर ओतली, आणि पुन्हा बूच लावलं.

सून बघतच राहिली. "हे काय, आई?"

"दीड हात कोपऱ्याला एवढी लागली असती," त्या म्हणाल्या. "बाटली पाहतील ते आधी." मग दगडी कठड्यावर टेकल्या आणि सुनेला जवळ बसवून घेतलं.

"हे बघ. मी दादाचं ऐकलं आणि मला त्याचा पस्तावा नाही. पण त्यांना जर कळलं, की कोपरा वेगळा दिसतो, तर त्यांचं काम अर्धंच राहिलं. ती टोचणी जायची नाही. आणि ते मला विचारणार नाहीत. मी 'छान झालं' असंच सांगणार हे ते ओळखून आहेत. तुला विचारतील. तू सकाळ-संध्याकाळ देवापुढे बसतेस, तुझ्या तोंडून खोटं येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुझ्या शब्दावर तो माणूस झोपेल."

"आई, पण…"

"ऐक तर. ते म्हणतील, सूनबाई, नवं कुठे सुरू होतं ते दिसतं का? तेव्हा त्यांच्याकडे बघून 'दिसत नाही' म्हण. एवढंच. नंतर देवाशी माझी गाठ घालून दे, मी सांगते त्याला, की हे हिच्या नावावर नको, माझ्या नावावर लिही. म्हणशील ना, बाळा?"